मदत हवी आहे: पायाच्या बायपासमध्ये मोजलेला रक्तप्रवाह ९० मिली, यावरून पुढचं काही सांगता येतं का?

वडील ६८ वर्षांचे, मधुमेह जुना, सिगारेट आता सुटली आहे. डाव्या अंगठ्याची जखम भरेना आणि रात्री पाय पलंगाखाली सोडल्याशिवाय त्यांना झोप लागेना, म्हणून गेल्या महिन्यात पायाची बायपास केली. जांघेतल्या धमनीपासून गुडघ्याखालच्या धमनीपर्यंत त्यांच्याच पायातली शीर जोडली आहे. पाऊल आता गरम असतं, जखमही भरत आलीय.

डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: ग्राफ्ट (जोडलेली शीर) फ्लो ९० मिली/मिनिट, पॅपाव्हेरीन औषध दिल्यानंतर १५०, पीआय (प्रवाहातला चढउतार दाखवणारा आकडा) २. हृदयाच्या बायपासमध्ये २० मिलीच्या वर आणि पीआय ५ च्या खाली असलं की चांगलं, असं वाचलं. पायालाही तेच लागू होतं का? भावाचं म्हणणं, आकडा चांगला आहे, मग दर तीन महिन्यांनी डॉपलरसाठी (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) त्यांना पुण्यापर्यंत कशाला दमवायचं? मला धीर होत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी व्हॅस्क्युलर सर्जरीच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. शेवटचा शब्द तुमच्या सर्जनचाच.

हृदयाचे आकडे पायाला लावू नका. पायाच्या ग्राफ्टमधला प्रवाह त्या वेळचं बीपी, शिरेची जाडी आणि मुख्य म्हणजे गुडघ्याखालच्या तीनपैकी किती धमन्या उघड्या आहेत यावर ठरतो. म्हणून सगळ्यांना चालेल अशी एकच सीमा पायासाठी ठरलेली नाही. पॅपाव्हेरीनने खालच्या रक्तवाहिन्या सैलावतात. त्यानंतर प्रवाह ९० वरून १५० झाला, म्हणजे पुढे रक्त जायला वाट आहे. हे चांगलंच आहे.

पण हे मोजमाप मुळात टाके घालून जखम बंद करण्याआधीच चुका पकडण्यासाठी असतं. ग्राफ्टभोवती प्रोब लावतात. अल्ट्रासाऊंडची लहर प्रवाहाच्या दिशेने आणि उलट जायला किती वेळ घेते, त्या फरकावरून मिली निघतात. शीर पिळली गेली, आतली झडप कापायची राहिली, जोडावर गुठळी झाली, तर बहुतेक वेळा तिथेच कळतं. शीर जागेवरच ठेवून जोडली असेल आणि तिची एखादी फांदी बांधायची राहिली, तर वरच्या टोकाला आकडा भरघोस दिसतो आणि पावलाला रक्त कमीच पोचतं. म्हणून खालच्या टोकालाही मोजावं लागतं.

नंतरचा धोका वेगळा आहे. शिरेचं आतलं अस्तर हळूहळू जाड होतं आणि ग्राफ्ट अरुंद होतो, बहुतेक पहिल्या दोन वर्षांत. पेशंटला काही जाणवतही नाही. थिएटरमधल्या ९० वरून हे कळणार नाही, ते डॉपलरमध्येच दिसतं. साधारण ३, ६ आणि १२ महिन्यांनी करतात. एखाद्या जागी वेग सेकंदाला ३०० सेंमीच्या वर गेला किंवा पूर्ण ग्राफ्टमध्येच ४५ च्या खाली आला, तर सर्जन लगेच लक्ष घालतात. ग्राफ्ट चालू असताना अरुंद भाग फुग्याने मोठा करता येतो, बंद पडल्यावर तो वाचवणं फार कठीण. त्यामुळे भावाला समजवा, डॉपलर चुकवू नका. ॲस्पिरिन आणि स्टॅटिनही मनाने बंद करू नका.

पाय अचानक गार, पांढरा किंवा बधिर पडला, तर तारखेची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठा.

कार्डावर 'रनऑफ'समोर (ग्राफ्टच्या पुढे रक्त नेणाऱ्या उघड्या धमन्या) काय लिहिलंय?

धागाकर्ती

खूप आभार. 'एकच धमनी, पेरोनियल' (गुडघ्याखालच्या तीनपैकी एक) असं आहे. मग पहिलं डॉपलर तीन महिन्यांच्या आधीच करून घ्यावं का?