मार्च मॅडनेसचं ब्रॅकेट: पुण्यातून कधी आणि कसं भरायचं?

हिंजवडी_फेज२
अमेरिकेतल्या टीमने मार्च मॅडनेसच्या, म्हणजे एनसीएए या कॉलेज क्रीडासंस्थेच्या पुरुष बास्केटबॉल स्पर्धेच्या, निकालांची भाकितं करण्याच्या खेळात आम्हालाही ओढलंय. ईएसपीएनवर ग्रुप, दीडशे जण. मुदत नक्की कधी संपते? आणि कॉलेजांची नावंही माहीत नसताना 63 सामने निवडायचे कशावरून? वर डोक्यामागे 500 रुपये काढायचं चाललंय.

कोथरूडचा_पॉइंटगार्ड
ब्रॅकेट म्हणजे सामन्यांचा तक्ता. तो जाहीर होतो तिकडे रविवारी, आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास. गुरुवारचा पहिला सामना सुरू झाला की कुलूप. 2025 मध्ये तो तिकडे दुपारी सव्वाबाराला, म्हणजे इथे रात्री पावणेदहाला होता. गोची इथेच होते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, न्यूयॉर्कशी फरक साडेदहाचा साडेनऊ तास होतो. जुन्या हिशोबाने साडेदहाला लॅपटॉप उघडलात तर तक्ता बंद. बुधवारीच भरून मोकळे व्हा.

मंगळवार-बुधवारच्या पात्रता लढतींसाठी थांबू नका. तिथे एका जागी दोन नावं दिसतात; जागा निवडा, जिंकेल तो तुमचा.

आकडेमोड
गुण फेरीगणिक 10, 20, 40, 80, 160, 320. पहिल्या फेरीचे 32 सामने मिळून 320 आणि एकटा विजेताही 320! म्हणून आधी विजेता, मग अंतिम चार, मग मागे या.

संघ चार विभागांत असतात, प्रत्येकात 1 ते 16 मानांकन, 1 सगळ्यात तगडा. 1 विरुद्ध 16 वर डोकं लावू नका. 2025 पर्यंत पुरुषांत 16 वाला दोनदाच जिंकला: 2018 ला यूएमबीसी, 2023 ला फेअरली डिकिन्सन. 5-12 मध्ये मात्र तीनात एकदा तरी 12 वाला मारतो. चार विभागांतल्या चार 12 वाल्यांतला एखादा घ्या, पण लांब नेऊ नका. 8-9 म्हणजे छापा-काटा.

दीडशे जणांत सगळ्यांचा लाडका विजेता घेतलात तर तो जिंकूनही तुम्ही गर्दीतच. कुणाला किती टक्के लोकांनी निवडलंय ते साइटवर दिसतं. पहिल्या-दुसऱ्या मानांकनातला कमी मागणीचा संघ बघा. दहा जणांच्या ग्रुपात असलं धाडस नको.

कोथरूडचा_पॉइंटगार्ड
भर घालतो: पहिल्या फेरीतली निवड बदलली की त्या संघाच्या पुढच्या जागा रिकाम्या होतात. शेवटी विजेत्याचा चौकोन तपासाच. बरोबरी सोडवायला अंतिम सामन्याचे एकूण गुण विचारतात. 140 च्या आसपास टाका. 2025 ला 65-63 होता.

आकडेमोड
आणि ते 500 राहू द्या. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आहे. हरणाऱ्याने मिसळ द्यावी.