१९४० मध्ये फ्रेंच तोफांनी खरंच काही फोडलं नाही?

गोलंदाज

परवा इथल्याच एका धाग्यावर मंगळवेढेकर यांनी ठोकून दिलं, "फ्रान्स सहा आठवड्यांत पडला, कारण फ्रेंच गोळे जर्मन रणगाड्यांवर आपटून खाली पडत होते." खाली +१ ची रांग लागली. वाचून राहवलं नाही, आणि उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मे १९४० मध्ये जर्मनांनी पश्चिमेकडे आणलेल्या सुमारे २४०० रणगाड्यांपैकी निम्म्याहून जास्त हलके पॅन्झर १ आणि पॅन्झर २ होते (पॅन्झर म्हणजे जर्मन रणगाडे). पॅन्झर १ चं चिलखत १३ मिमी. त्यांच्याकडचे सगळ्यात भक्कम म्हणजे पॅन्झर ३ आणि ४, त्यांचं समोरचं पोलाद ३० मिमीच्या आसपास. आता फ्रेंच पायदळाकडे काय होतं ते बघा. २५ मिमी हॉचकिस तोफ: गोळा जेमतेम ३२० ग्रॅमचा, पण नळीतून सुटताना वेग सेकंदाला ९०० मीटरच्या वर, चारशे मीटरवर साधारण ४० मिमी पोलादाचा भेद. तिच्या वरची ४७ मिमी एसए ३७: पावणेदोन किलोचा गोळा, वेग ८५५ मीटर. जर्मनांची ३७ मिमी पाक (त्यांची रणगाडाविरोधी तोफ) हिच्या जवळपासही येत नव्हती. फ्रान्स पडल्यावर जर्मनांनी हीच तोफ पाक १८१ असा क्रमांक देऊन स्वतःच्या सैन्यात वापरली. निकामी माल कुणी असा उचलून वापरत नाही.

१४ आणि १५ मे रोजी बेल्जियममधल्या जाँब्लूला फ्रेंचांच्या पहिल्या मोरोक्कन डिव्हिजनने जर्मन जनरल हेपनरच्या पॅन्झरांना अडवून धरलं ते कशाच्या जोरावर? १६ मे रोजी स्तोनमध्ये फ्रेंच कॅप्टन पिएर बियोतचा जड रणगाडा शार बी१ गावात शिरला आणि तेरा जर्मन रणगाडे फोडून बाहेर पडला. त्याच्या अंगावर १४० खुणा होत्या, आरपार एकही नाही.

तोफा फोडत होत्या. घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडे: रेडिओ नाहीत, टरेटमध्ये (तोफेच्या फिरत्या बुरुजात) एकटा माणूस, आणि चांगल्या ४७ मिमी नको तिथे. कृपा करून दोष तोफेच्या माथी मारू नका.

मंगळवेढेकर

माझं एक वाक्य उचलून एवढा लांबलचक धागा काढलात, आणि त्यात ३७ मिमी एसए १८ तोफेचं नावसुद्धा नाही? हे विसरणं नव्हे, ही सोयीस्कर गाळणी आहे.

फ्रेंच पायदळाच्या रणगाड्यांवर कुठली तोफ होती? आर-३५ दीड हजाराच्या आसपास बांधले, त्यांतल्या बहुतेकांवर ही पहिल्या महायुद्धातली आखूड तोफ. सुरुवातीचे एच-३५, एफसीएम-३६, सगळीकडे तीच. यातल्या बऱ्याच तोफा जुन्या एफटी-१७ रणगाड्यांवरून काढून नव्या रणगाड्यांवर बसवलेल्या. ३० मिमी पोलाद फोडणं तिच्या आवाक्यात नव्हतं.

१४ मेची सकाळ घ्या. सेडानच्या दक्षिणेला शेमेरीच्या बाजूने सातव्या बटालियनचे एफसीएम-३६ प्रतिहल्ला करायला निघाले. सुरुवातीला जर्मन ३७ मिमी पाक त्यांच्या चिलखतावरून घसरत होती, तोवर ठीक. मग पॅन्झर आले, आणि फ्रेंचांचे गोळे त्यांना लागूनही काही होईना. बटालियनने निम्म्याहून जास्त गाड्या गमावल्या. म्यूझ नदीवरचा पूल तोडण्याची ती शेवटची खरी संधी होती. ती तोफेपायी गेली, रेडिओपायी नाही.

आणि तुमची लाडकी ४७ मिमी. १० जूनला ज्युनिव्हिलला खुद्द जर्मन जनरल गुडेरियनने पकडलेल्या ४७ मिमीने एका शार बी१ वर गोळे मारून पाहिले. त्याने आठवणींत लिहिलंय, सगळे आपटून उडाले.

गोलंदाज

गुडेरियनचा दाखला माझ्याविरुद्ध लागतच नाही. शार बी१ ला समोर ६० मिमी, बाजूला ५५ मिमी. तो रणगाडा फ्रेंच होता! जर्मनांकडे तेवढ्या जाडीचं त्या वेळी काहीच नव्हतं. अंतर किती, कोन किती, गोळा कुठल्या जातीचा, हे त्याने लिहिलेलं नाही.

एसए १८ कमकुवत होती, तेवढं मान्य. पण तुम्ही लिहिलंत "फ्रेंच गोळे". सगळ्या घराण्याला शिवी दिलीत आणि आता एका पोराकडे बोट दाखवताय.

तळटीप

दोघेही मिमीचे आकडे असे फेकताय जणू सगळ्यांनी एकाच पत्र्यावर गोळ्या झाडल्या होत्या. प्रत्येक देशाची चाचणी वेगळी. कुणी पोलाद सरळ उभं करून मोजतं, कुणी ३० अंश कलवून. कुणाचं पोलाद एकसारखं, कुणाचं वरून कडक केलेलं. कुणाला निम्मे गोळे आरपार गेले तरी पुरतं, कुणाला त्याहून जास्त लागतात. कोन ३० अंशांवर गेला की ३० मिमीचा पत्रा गोळ्याच्या वाटेत जवळजवळ ३५ मिमी होतो, शिवाय गोळा घसरतो ते वेगळंच. गेली कित्येक वर्षं मी हे सांगतोय आणि दर वेळी कुणीतरी नवं कोष्टक घेऊन येतं. जीव विटलाय या कोष्टकांना.

दुसरं, भेद झाला म्हणजे रणगाडा मेला असं नाही. २५ मिमीचा गोळा भरीव, स्फोटक काही नाही. आत शिरून दुसऱ्या बाजूला आदळतो आणि कधीकधी रणगाडा तसाच चालत राहतो. ब्रिटिशांनाही आपल्या टू-पाउंडर रणगाडाविरोधी तोफा संख्येने कमी पडल्या म्हणून हीच तोफ घ्यावी लागली. ती घोड्याने ओढायच्या हिशेबाने बनलेली, ट्रकमागे जोरात ओढली की गाडा खिळखिळा. शेवटी त्यांनी तोफ उचलून ट्रकमध्येच ठेवली.

रेवा_प

मी गेली काही वर्षं फ्रान्समध्ये राहते. सोमूरच्या रणगाडा संग्रहालयात नवऱ्याच्या हट्टामुळे गेले आणि शेवटी त्यालाच मला ओढून बाहेर काढावं लागलं. कोष्टकांपेक्षा तिथे आर-३५ चा टरेट बघा. वरच्या घुमटीला उघडणारं झाकण नाही. मागे एक दार आहे, ते बाहेरच्या बाजूला खाली पडतं आणि त्याचंच बसायला आसन होतं. कमांडरला उघड्या डोळ्यांनी रान बघायचं असेल तर रणगाड्याच्या मागच्या बाजूला, अर्धा बाहेर, बसायचं. लढाई सुरू झाली की आत शिरून दार लावायचं. मग गोळा भरणारा तोच, नेम धरणारा तोच, मशीनगन चालवणारा तोच, ड्रायव्हरला सांगणारा तोच. आणि नळी तर माझ्या हाताएवढी.

त्या एकट्या माणसाला तुम्ही जगातली उत्तम तोफ दिली असती तरी तो मिनिटाला किती गोळे मारणार होता? सोमुआ एस-३५ वर बरी ४७ मिमी होती, तिथेही टरेटमध्ये एकटाच. या माणसांबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. गावोगावच्या स्मारकांवर त्यांची नावं आहेत.

मंगळवेढेकर

रेवाताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. हाताएवढी नळी.

रेवा_प

अजिबात नाही. परत वाचा.

नगरकर

फ्रेंच तोफांचा विषय निघालाय आणि एएमएक्स-१३ रणगाड्याचं नाव कुणी काढत नाही? आपल्याकडे ६५ म्हटलं की खेमकरणचे पॅटन आणि आपले सेंच्युरियन, संपलं. ही हलकी फ्रेंच गाडी कुणाला आठवत नाही. ऑक्टोबर ६२ मध्ये एएन-१२ विमानांतून चुशूलला, चौदा हजार फुटांच्या वर, २० लान्सर्सच्या याच गाड्या उतरवल्या. १ सप्टेंबर ६५ ला छांबमध्ये पॅटनांसमोर त्याच रेजिमेंटची एक स्क्वॉड्रन उभी राहिली, मेजर भास्कर रॉय यांना महावीर चक्र मिळालं. तोफ ७५ मिमी, जर्मन पँथरच्या तोफेवरून फ्रेंचांनी बनवलेली, वेग सेकंदाला हजार मीटर.

माझे वडील ईएमईत (लष्कराच्या दुरुस्ती विभागात) होते, नगरला या गाड्यांवर हात काळे केले. टरेटचे दोन भाग, वरचा भाग तोफेसकट खालीवर हलतो, मधल्या फटीला कापडी पट्टा. तो फाटला की धूळ थेट आत. आपोआप भरणारी दोन चक्रं, प्रत्येकी सहा गोळे. बारा संपले की माणसाने बाहेर येऊन भरायचं. वडील म्हणायचे, तोफ सोन्यासारखी, पण तेरावा गोळा मारायला माणूस उघड्यावर येतो.

तळटीप

नगरकर, वडिलांना नमस्कार. पण पॅटनचा समोरचा उतार त्या ७५ मिमीला जड जायचा, बाजूनेच गाठावं लागे. इस्रायलनेही ६७ च्या युद्धात जाड कवचापुढे ती कमी पडल्यावर एएमएक्स-१३ काढून टाकले.

नगरकर

इस्रायलला काढून टाकणं परवडलं. आपल्या पोरांनी जे हातात होतं त्यावर पॅटन अडवले. घरात बसून "कमी पडायची" लिहिणं सोपं आहे. छांबमध्ये त्या सकाळी दुसरं काय होतं आपल्याकडे, ते सांगा आधी.

तळटीप

मी माणसांना कमी लेखलं नाही. लोखंडाबद्दल बोलत होतो.

नगरकर

लोखंडात माणसं बसलेली असतात, साहेब. ६५ च्या असल उत्तरच्या लढाईतही ८ कॅव्हलरीचे एएमएक्स होते, हेही लिहा कधीतरी.

मंगळवेढेकर

धागा १९४० चा आहे. एएमएक्ससाठी नवा काढा, मी येतो तिथे.

गोलंदाज, ४७ मिमी एसए ३७ त्या साली कुणाच्याही मागे नव्हती, हे मान्य करतो. नाइलाज आहे. पण पायदळासोबत चालणाऱ्या फ्रेंच रणगाड्यांचा मोठा भाग शत्रूच्या पॅन्झर ३ ला समोरून फोडू शकत नव्हता, यावर मी ठाम आहे, आणि शेमेरीचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

गोलंदाज

देतो. लांब नळीची ३७ मिमी एसए ३८ तयार होती, कारखान्यातून येतही होती. पण ती आधी तुकडीप्रमुखांच्या गाड्यांना, बाकीच्यांना जुनीच. तोफ बनवता येत होती, वाटप चुकलं. शेमेरीत मेलेल्यांचा हिशेब वाटप करणाऱ्यांकडे मागा. आणि जूनमध्ये सोम नदीवर काय झालं तेही बघा. गावागावांत दबा धरून बसलेल्या फ्रेंचांनी १८९७ सालच्या ७५ मिमी मैदानी तोफांच्या नळ्या खाली करून थेट पॅन्झरांवर मारा केला, आणि ५ जूनपासूनचे पहिले दिवस जर्मनांना महाग पडले. दोन वर्षांनी लिबियातल्या बीर हकीमला फ्रेंच जनरल केनिगच्या माणसांनी तीच ७५ मिमी वापरून एका सकाळीत इटालियन आरिएते डिव्हिजनचे ३२ रणगाडे बाद केले. त्याच दिवशी शेजारी आपली तिसरी इंडियन मोटर ब्रिगेड शत्रूच्या रणगाड्यांखाली तुडवली गेली, कारण तिच्याकडे रणगाडे थांबवायला पुरेशा तोफाच नव्हत्या.

मंगळवेढेकर

वाटप चुकलं म्हणजे रणांगणावर तोफ कमी पडली. त्या गाडीतल्या माणसासाठी दोन्ही एकच.

गोलंदाज

एकच नाही. तुमचं वाक्य "गोळे आपटून पडत होते" असं होतं. ते बदलून "एसए १८ चे गोळे" करा, मी स्वतः +१ देतो.

नगरकर

एएमएक्सचा नवा धागा काढलाय. तळटीप, तिथे या.