पोट्टी म्हणा की बुढी: खुर्चीवरच्या बाईला गाव कुठे अडवतं?

ग्रामपंचायत लढवायला वय लागतं 21. पण सरपंचाच्या खुर्चीवरच्या बाईचं वय गावाला कधीच पटत नाही. पंचविशीची असली तर "पोट्टीले काय समजते", साठीची असली तर "बुढीले मोबाइल तरी येते का". बाप्या माणूस तिशीत तडफदार अन् सत्तरीत जाणता! महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीत बायांना 50 टक्के जागा आहेत. जागा मिळाल्यावर काम कुठे अडतं आणि तिथे काय करायचं, तेवढंच इथे लिहा.

माजी सरपंच, यवतमाळकडच्या
आधी डोंगल, म्हणजे डिजिटल सही असलेला पेनड्राइव्ह. वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून गावाला येणारा पैसा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), दोघांच्या डिजिटल सहीने निघतो. प्रत्यक्षात दोन्ही डोंगल पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पिन चिठ्ठीवर लिहून त्यांनाच चिकटवलेला. मूळ घोळ त्याआधीचा: सहीच्या अर्जावर मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. तरुण सुनेला सांगतात, "घरचे पाहतील ना". आजीबाईला सांगतात, "तुमच्यानं नाही होत". मग ओटीपी तिकडेच जातो. अर्जातच स्वतःचा नंबर द्या, डोंगल ताब्यात आला की पिन बदला. पेमेंटच्या दिवशी तीन गोष्टी समोर ठेवा: ठराव क्रमांक, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं), ठेकेदाराचं खातं. तिन्ही जुळल्याशिवाय क्लिक नाही. डोंगल दुसऱ्याकडे होता म्हणून कोणी सोडत नाही. ज्याची सही, त्याच्यावरच वसुली निघते. आणि बंधित निधी (फक्त पाणी-स्वच्छतेसाठीचा, पंधराव्या आयोगात 60 टक्के होता) रस्त्यावर टाकायला लावणारा एक तरी "अनुभवी" सदस्य प्रत्येक गावात असतो.

ग्रामपंचायत अधिकारी, बुलढाणा
मासिक सभेचा डाव ओळखा. सदस्य ठरवून येत नाहीत, गणपूर्ती (किमान हजेरी) होत नाही, आणि वर्षअखेर तक्रार होते की बाई सभाच घेत नाहीत. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 36 प्रमाणे सभा बोलावलीच नाही तर पद जाऊ शकतं. बोलावल्याचा पुरावा मात्र असला पाहिजे: तीन पूर्ण दिवस आधी नोटीस, प्रत्येकाची पोहोच, आणि इतिवृत्तात "गणपूर्तीअभावी तहकूब". ठरावाखाली कोरी जागा राहिली की तिथे नंतर काहीही उगवतं. सभा संपताच रेघ मारून सही. अविश्वास ठरावाची धमकी आली तर घाबरू नका: थेट निवडलेल्या सरपंचावर तीन-चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेचं मतदान.

बचत गटांसोबत काम करणारी, वर्धा
ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते. ती दिवाळीनंतर सकाळी अकराला लावतात. त्या वेळी बाया कापूस वेचायला जातात, मजुरी किलोवर! मग "बायाच येत नाहीत" म्हणायला मोकळे. सभा बाजाराच्या दिवशी ठेवा, नाहीतर सांजेला, चुली पेटायच्या आधी. विषय एकच घ्या, पाण्याचा किंवा दारूचा. दहा विषयांच्या सभेत शेवटी अंगठेच गोळा होतात.

एक सदस्य, अकोट
पाटी पाहा. "सौ." च्या पुढं नवऱ्याचं नाव मोठं, बाईचं बारकं. पद बाईचं, नाव बाईचंच टाका. दुसरं, ऑफिसात जादा खुर्ची ठेवूच नका. खुर्ची दिसली की सरपंचपती बसलाच समजा. "वहिनी" म्हणत सही मागणाऱ्याला आवक नंबर (कागद ऑफिसात नोंदल्याचा) विचारा. बारकं काम हाय, पण आवाज खाली येते.

शिक्षिका, निवृत्त
1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सरपंचपदासाठी सातवी पासची अट आहे, आधीच्यांना नाही. तेव्हा मोठ्या वयाच्या बाईला वाचता येत नसेल तर त्यात लाजायचं काही नाही. कागद दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घ्या, वेगवेगळ्या वेळी, आणि दुसऱ्याला पहिल्याचं सांगू नका. वाचण्यात फरक पडला की सही थांबवा.