कार्टर फॅमिलीत कोण काय वाजवायचं?

सहावी_तार: फोक-कंट्री ऐकायला सुरुवात केलीये, सगळे कार्टर फॅमिलीपासून सुरू कर म्हणतात. हे तिघं नक्की कोण होते आणि संगीत शिकले कुठे? नातीगोती वाचून तर डोकंच फिरलं.

तंबोरेवाला: अरे सोपंय. ए. पी. आणि सारा नवरा-बायको, मेबेल ही साराची मावस बहीण आणि तिचं लग्न ए. पी.च्या भावाशी झालेलं, म्हणजे जाऊपण तीच. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागातली माणसं, संगीताचं रीतसर शिक्षण वगैरे फारसं नाही, मुख्यतः घरात आणि चर्चमध्ये कानावर पडलं तेच. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलला (टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरचं गाव) पहिलं रेकॉर्डिंग झालं, तेव्हा मेबेल अठरा वर्षांची आणि गरोदर होती! सारा मुख्य गायिका, ऑटोहार्प (बटणं दाबून सूरमेळ धरायचं तंतुवाद्य) वाजवायची. ए. पी. मनात येईल तेव्हा मधेच खर्जात सूर लावायचा, बाकी वेळ गप्प :)

जाड_तार: गिटारवाल्यांनी मेबेलकडे नीट लक्ष द्या. अंगठ्याने जाड तारांवर चाल आणि बोटाने बारीक तारांवर ताल, म्हणजे एकटीच दोघांचं काम करायची, आणि गिटार फक्त साथीला असतं हा समज तिथेच मोडला.

तंबोरेवाला: +१. आणि लेस्ली रिडलला विसरू नका रे. कृष्णवर्णीय गिटारवादक, ए. पी.बरोबर गावोगाव गाणी गोळा करत फिरायचा. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा, चाल रिडलच्या डोक्यात. मेबेलही त्याच्याकडून शिकली, पण रेकॉर्डवर त्याचं नाव नाही.

सहावी_तार: हे माहीतच नव्हतं! रिडलचं स्वतःचं काही ऐकायला मिळतं का?

जाड_तार: हो, १९६० च्या दशकात माइक सीगर या अमेरिकन लोकसंगीत कलाकाराने शोधून काढून रेकॉर्ड केलंय, शोध.