मदत हवी आहे: डिझाइनमधलं मास्टर्स एक वर्षाचं की दोन वर्षांचं?

नमस्कार मंडळी,

व्हिज्युअल डिझाइनची पदवी घेऊन काही वर्षं नोकरी करते आहे. काम रुग्णालयांचे फॉर्म, दिशादर्शक फलक, माहितीपत्रकं यांचं. अक्षरं कितीही सुबक लावली तरी रुग्णाने आधी कुठल्या खिडकीवर जायचं, कुणाला विचारायचं, हे माझ्यापर्यंत काम येण्याआधीच ठरलेलं असतं. मला त्या ठरवण्यात भाग घ्यायचा आहे. म्हणून सर्व्हिस डिझाइन (एखादी सेवा टप्प्याटप्प्याने कशी चालावी हे आखणं) किंवा इंटरॅक्शन डिझाइन (माणसं वस्तू आणि यंत्रणा कशा वापरतील हे आखणं) शिकायचं, एवढं पक्कं.

अडलंय अभ्यासक्रमावर. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टचं सर्व्हिस डिझाइन एका वर्षात होतं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठाचं ‘डिझाइन फॉर इंटरॅक्शन’ दोन वर्षांचं, 120 क्रेडिटचं. पण ती एमएससी आहे, प्रॉडक्ट डिझाइन-इंजिनिअरिंगकडून आलेल्यांसाठी बेतलेली, त्यामुळे माझी पदवी तिथे चालेल का ही शंका. स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाचं इंटरॅक्शन डिझाइनही दोन वर्षांचं. शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनचं एमडेस, म्हणजे मास्टर ऑफ डिझाइन, हेही यादीत आहे.

माझा कल दोन वर्षांकडे आहे, आणि कारण अगदी व्यवहारातलं आहे. मास्टर्सच्या प्रकल्पासाठी रुग्णांशी बोलायचं तर आधी नैतिकता समितीची (एथिक्स कमिटी) परवानगी लागते. अर्ज, संमतीपत्रकं, दुरुस्त्या, पुन्हा अर्ज. त्यानंतर वॉर्डात माणसं तुमच्याशी मोकळेपणाने बोलायला लागेपर्यंत आणखी वेळ. हे सगळं एका वर्षात बसवायचं तर शेवटी आरोग्यसेवेऐवजी एखादा सोपा विषय घ्यावा लागेल, असं वाटतं. पण ओळखीतले काहीजण म्हणतात, नोकरीचा अनुभव असेल तर एक वर्ष पुरतं. त्यांनी असं प्रत्यक्ष माणसांमधलं काम केलेलं नाही, म्हणून इथे विचारते आहे.

पुढे शिकवायचीही इच्छा आहे. अमेरिकेत डिझाइन शिकवण्यासाठी बऱ्याच ठिकाणी एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) मागतात. तिथे एमडेसवाल्यांचा अनुभव काय?

पोर्टफोलिओत नोकरीतलं काम कितपत दाखवावं? पक्क्या झालेल्या फलकांपेक्षा मधली कच्ची रेखाटनं आणि बाद झालेले पर्याय जास्त बोलतात असं माझं मत आहे, पण निवड समितीवर बसलेल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

आणि ज्यांनी मास्टर्समध्ये रुग्णालयात काम केलंय त्यांना खास विनंती: परवानगीला किती दिवस लागले? रुग्णालयाशी संस्थेचे आधीपासून संबंध होते, की ते तुम्हालाच जुळवावे लागले?