मदत हवी आहे: ४+४ ओहमचा १० इंची सबवूफर, मोनो अँप घेऊ की ४-चॅनेल?

नमस्कार मंडळी,

राहायला ऐरोलीत, गाडी सीएनजी वॅगनआर. येता-जाता अभंग लावतो. वडील भजनात पखवाज वाजवतात, त्यामुळे कान तयार झालेत. डाव्या पुडीला ओली कणीक थापली की जो घुमारा निघतो, तो दारातल्या स्पीकरमधून येतच नाही. नुसती टकटक ऐकू येते. सिग्नलला शेजारच्या गाडीच्या काचा हादरवायच्या नाहीत, तो घुमारा तेवढा हवाय.

सबवूफर (खर्जाचा स्पीकर) मित्राकडून मिळालाय. १० इंची, दोन कॉइल ४-४ ओहमच्या. खोक्यावर १२०० वॅट छापलंय, पण ते पीक, म्हणजे क्षणभराचं. आरएमएस, म्हणजे सतत झेपणारी ताकद, ३०० आहे आणि मी तोच धरतोय. अँप (अँप्लिफायर) आणि वायरिंग मिळून १५ हजारांत बसवायचंय.

अडचण अशी, की ४+४ च्या कॉइल पॅरलल जोडल्या तर २ ओहम होतात, सिरीजमध्ये ८. चार ओहम काही केल्या जमत नाही. वाशीच्या दुकानात दोन अँप पाहिले:

मोनो (एकच चॅनेल), क्लास डी (कमी तापणारा प्रकार): २ ओहमवर ३०० वॅट आरएमएस. सबशी नेमका जुळतो. स्पीकरच्या तारांवरून सिग्नल घ्यायची सोय आतच आहे. माझ्या कंपनी स्टिरिओला आरसीए (अँपला सिग्नल देणारं सॉकेट) नाही, म्हणून हे सोयीचं.

४-चॅनेल: ४ ओहमवर ७५ गुणिले ४. ब्रिज केला (दोन चॅनेल जोडून एक केले) तर किमान ४ ओहम लागतात, म्हणजे २ ओहमची जोडणी बाद. ८ ओहमवर ब्रिज केला तर दीडशेच्या आसपास वॅट मिळतील. पण उरलेल्या दोन चॅनेलवर पुढचे स्पीकर चालतील, आणि त्यांनाही ताकद हवीच आहे. वर स्पीकरच्या तारांवरचा सिग्नल आरसीएत बदलणाऱ्या कन्व्हर्टरचा खर्च.

दीडशे आणि तीनशेत फरक फक्त ३ डेसिबलचा. माझा कल त्यामुळे ४-चॅनेलकडे झुकतोय. मात्र कमी ताकदीचा अँप जोरात पिळला की क्लिप होतो (आवाजाची लहर कापली जाते) आणि कॉइल तापते, याची धास्ती आहे. गेन (अँप सिग्नल किती वाढवणार ती पातळी) नीट बसवला तर दीडशे वॅट पुरतील का? ज्यांनी स्वतः असं चालवलंय त्यांनी कृपया सांगा.

डिकीत सिलिंडर आहे. त्याच्या बाजूला जेमतेम २० लिटरचा बॉक्स बसेल. पखवाजाचा ठोका आखूड आणि स्वच्छ हवा, म्हणून सील्डच (पूर्ण बंद) करणार, पोर्टेड (हवेला भोक असलेला) नको. सिलिंडरच्या ब्रॅकेटला एकही स्क्रू मारू देणार नाही, हे दुकानदाराला आधीच सांगितलंय. बॉक्स जागेवर घट्ट कसा बसवलात, फोटो असतील तर टाका.

वायरबद्दल दुकानदार तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची किट गळ्यात मारतोय. मोनो घेतला तर ८० टक्के कार्यक्षमता धरूनही पूर्ण जोरावर २७ अँपिअर ओढेल. बॅटरीपासून डिकीपर्यंतचं अंतर आणि त्यात सीएनजीची गाडी, तेव्हा शुद्ध तांब्याचीच वायर आणि बॅटरीलगत फ्यूज, यात काटकसर करणार नाही. ८ गेज पुरेल की ४ (जास्त जाड) घेऊ?

आणि ठाण्यात किंवा नवी मुंबईत आरएमएसची भाषा बोलणारा, मीटर लावून गेन बसवून देणारा कारागीर माहीत असेल तर कुठल्या भागात, तेवढं कळवा. त्यासाठी लॅमिंग्टन रोडपर्यंत जायचीही तयारी आहे.