बगीच्यातल्या त्या माणसाला ‘उचलून’ कुठे न्यायचं?

रामबागची लेक:
काल कॉलनीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार सांगते. बगीच्यातल्या मागच्या ओट्यावर जो दाढीवाला माणूस रात्री मोठमोठ्यानं बोलत बसतो, त्याला नगर निगमाची, म्हणजे महापालिकेची, गाडी बोलावून उचलावं. अशा लोकांसाठी कलेक्टरांनी कलम १६३, म्हणजे जुनी १४४, लावावी. सफाईत देशात पहिल्या आलेल्या इंदूरला हे शोभत नाही. खाली सदतीस अंगठे. मला रात्री दोनपर्यंत झोप आली नाही, म्हणून लिहिते आहे.

माझा थोरला भाऊ असाच कुणाच्या तरी ओट्यावर बसलेला असायचा. एकविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. दोनदा घरातून निघून गेला. दुसऱ्या खेपेला सहाव्या दिवशी देवासच्या स्टँडवर सापडला, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायाला फडकं गुंडाळलेलं. आईनं त्याच्या सदऱ्याच्या आत एक चिठ्ठी शिवून ठेवली होती. नाव, पत्ता, शेजारच्यांचा फोन. एका चहावाल्यानं ती उसवून वाचली, म्हणून भाऊ घरी आला. तो चहावाला भेटायच्या आधी कुणी त्याला असाच ‘उचलला’ असता तर?

जानेवारी २०२१ आठवतो ना? ऐन थंडीत निगमाच्या ट्रकमधून बेघर म्हाताऱ्यांना नेऊन शहराबाहेर क्षिप्रा गावापाशी उतरवलं होतं. गावकऱ्यांनी हटकलं, व्हिडिओ काढला, तेव्हा त्यांना परत ट्रकमध्ये चढवलं. नंतर उपायुक्त निलंबित झाले. ‘उचला’ हा शब्द वाचला की मला तोच ट्रक दिसतो.

आणि १६३ कशाला? ते कलम दंगा, जमाव, तातडीचा धोका यांसाठी आहे. दंडाधिकाऱ्याचा तो आदेश दोन महिन्यांवर चालत नाही, आजार मात्र चालतच राहतो. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा कुणी वाचलाय का? असा माणूस भटकताना दिसला आणि त्याला स्वतःची काळजी घेता येत नसेल, तर ठाणेदारानं त्याला संरक्षणात घ्यायचं, चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. कलम १००. अंगठा देणाऱ्यांनी आधी ते वाचा.

सुदामानगरची आई:
त्या सदतीसांत एक अंगठा माझा आहे आणि मी तो काढणार नाही.

माझी मुलगी अकरावीत आहे, साडेआठला क्लासहून येते. पंधरा दिवसांपूर्वी ह्याच माणसानं अर्धी वीट फेकली. सायकलच्या मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या. एक हात पुढे लागली असती तर गुडघा गेला असता. ती अजून रात्री दचकून उठते, दिवा लावून झोपते. मी ठाण्यात गेले. ‘वेड्यावर काय केस लावणार, ताई?’ दुसरीकडे फोन केला तर म्हणे हे पोलिसांचं काम. मग मी ग्रुपवर लिहिणाऱ्याला अंगठा नाही देणार तर कुणाला देणार?

तुमच्या भावाचं वाईट वाटलं, मनापासून. पण ‘मानसिक आरोग्य’ म्हणताना माझ्या मुलीची झोप त्यात मोजता की नाही?

लोकमान्यनगरचे काका:
दोघींचंही चुकतंय. तो बिचारा एकटा बडबडतो. खरा उपद्रव दारुड्यांचा. १ एप्रिल २०२३ ला मध्य प्रदेशातले सगळे अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, बंद केले आणि पिणारे आपल्या बगीच्यात आले. मी पहाटे पाचला फिरायला जातो. रोज त्याच कट्ट्यावर प्लास्टिकचे ग्लास, लसणाच्या शेवेची फाटकी पाकिटं आणि क्वार्टरच्या बाटल्या. परवा काचेवर पाय पडला, तीन टाके पडले. निदान अहात्यात चार भिंती होत्या. सरकारनं दारूची दुकानं चालू ठेवली आणि बसायची जागा काढून घेतली. ही कुठली नीती?

जेलरोड:
काका, अहात्यांची बाजू माझ्यासमोर घेऊ नका. माझे वडील रोज संध्याकाळी अहात्यात बसायचे. पगाराच्या दिवशी आई मला दाराशी पाठवायची, ‘बाबांना घेऊन ये’ म्हणून. दहा वर्षांची होते. आतल्या माणसांच्या नजरा अजून विसरले नाही. माजी मुख्यमंत्री उमा भारतींनी अहाते बंद करायची मागणी लावून धरली तेव्हा आमच्यासारख्या घरांतल्या बायकांनी हात जोडले होते. तुमच्या पायाला तीन टाके पडले, आमचं घर उसवलं गेलं.

लोकमान्यनगरचे काका:
मी दारूची बाजू घेतलेली नाही. दुकान बंद करा म्हणालो असतो तर टाळ्या वाजवल्या असत्या. अहाता बंद झाल्यानं एक तरी माणूस प्यायचा थांबला असेल तर दाखवा.

जेलरोड:
दाखवते. माझा धाकटा भाऊ. त्याला बसायला जागा उरली नाही, घरी आईसमोर पिता येत नव्हतं, कमी होत होत सुटली. एकच माणूस, पण माझ्या घरातला आहे.

लोकमान्यनगरचे काका:
बरं, तुमच्या घरापुरतं मान्य. बगीच्यापुरतं नाही.

सुदामानगरची आई:
दारूवर दुसरीकडे भांडा! इथे माझ्या मुलीला वीट मारली गेलीय.

निवृत्त सिस्टर:
मी तीस वर्षं नर्स होते, त्यातली नऊ मनोरुग्णांच्या वॉर्डात. दोघींनाही बोलते, राग मानू नका.

रामबागच्या लेकी, तू कायदा अर्धाच सांगितलास. कलम १०० मध्ये दोन प्रकारचे लोक आहेत. एक ज्याला स्वतःची काळजी घेता येत नाही तो. दुसरा, ज्याच्या आजारामुळे त्याला स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे तो. वीट फेकली म्हणजे दुसराही लागू झाला. तेव्हा सुदामानगरच्या ताई ठाण्यात गेल्या ते बरोबरच होतं. केस लावा एवढंच न म्हणता ‘कलम १०० खाली दवाखान्यात न्या’ असा लेखी अर्ज द्यायला हवा होता. बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची एफआयआर नोंदवून घरच्यांना शोधणं हेही ठाण्याचंच काम आहे, त्याच कलमात लिहिलंय.

आणि पुढचं कुणी बोलत नाही. बाणगंगेच्या मनोरुग्णालयात नेला, डॉक्टरांनी भरती केला, औषधानं तो शांत झाला. मग? ज्याला गोळ्या आठवणीनं घेता येत नाहीत त्याला महिन्याचं इंजेक्शन देता येतं, पण महिना भरला की सुई द्यायला कुणीतरी त्याला शोधून आणावं लागतं. घर नसलं की तो सापडतच नाही. मग पुन्हा आवाज, पुन्हा ओटा. माझ्या वॉर्डात एकच चेहरा मी चारदा पाहिला. दर वेळी वजन आधीपेक्षा कमी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून. फोन लागतो, बोलायला माणूस मिळतो. पण ओट्यावरच्याकडे फोन कुठून येणार? निगमाला धोरण करायचंच असेल तर रैनबसेऱ्यात, म्हणजे बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात, औषध देणारं माणूस ठेवावं. गाडी कसली पाठवता!

रामबागची लेक:
सिस्टर, ‘दुसऱ्याला धोका’ हा भाग मी वगळला. मुद्दाम वगळला असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही. भावाच्या बाबतीत तो शब्द कुणी काढला की आमच्या घरात आई रडायची, म्हणून माझ्या तोंडून निघत नाही. पण विटेची गोष्ट मला माहीत नव्हती. पोस्टमध्ये विटेचा उल्लेख नव्हता. ‘शोभत नाही’ एवढंच होतं.

सुदामानगरची आई:
पोस्ट मी लिहिलेली नाही. ‘शोभत नाही’शी मला देणंघेणं नाही. त्याला क्षिप्रेला नेऊन टाका असंही मी कधी म्हणाले नाही, तेव्हा तो ट्रक माझ्या अंगावर घालू नका. इंजेक्शन मिळून तो नीट राहणार असेल तर राहू दे इथेच. पण मी वीट विसरणार नाही, अर्जात लिहिणार.

रामबागची लेक:
लिहा. त्याच अर्जात कलम १०० मी लिहीन. दवाखान्यात कुठे नेलं त्याची लेखी पोच मागू. भाऊ असताना हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

लोकमान्यनगरचे काका:
एक गोष्ट. पहाटे तो झोपलेला असतो तेव्हा मी पाहिलंय, उजव्या मनगटावर गोंदण आहे. दोन ओळी. वरची पुसली गेलीय, खालच्या ओळीत ‘खेडी’ वाचता येतं. गावाच्या नावाचं शेपूट असावं.

निवृत्त सिस्टर:
काका, हे आत्ता सांगताय! हरवल्याच्या एफआयआरमध्ये पहिली ओळ तीच हवी.

सुदामानगरची आई:
उद्या साडेदहा, ठाण्यासमोर. काका, तुम्हीही या, गोंदण तुम्हीच पाहिलंय.